करडईचा खुडा

१

आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हिच्या माहेरची माणसं हिच्याच घरात ठाण मांडून बसली आहेत.

भवानी पेठेत आमचं घर वरच्या मजल्यावर. खाली यंत्रमाग, मध्ये आम्ही, डोक्यावर गच्ची. माग चालू असले की आमची फरशी दिवसभर बारीक थरथरत असते. नवा पाहुणा दचकतो, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. उलट सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की घर परक्याचं वाटतं.

गच्ची मात्र आत्यांची. बनाबाई त्यांचं नाव. सांगोल्याच्या कोरड्या रानातली बाई, टँकरमागं धावण्यात अर्धा जन्म गेलेला. शहरात आल्यावर त्यांनी काय केलं, तर गच्चीवर रान मांडलं. रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, गळका हंडा, मोडका कुकर, जे हाताला लागेल त्यात माती. त्यात मेथी, चुका, शेपू, पोकळा, अंबाडी. कोपऱ्यात झाकणाचा निळा ड्रम. घरातलं साल, देठ, चहाचा चोथा, उरलंसुरलं शिळं, सगळं त्या ड्रमात. वरून कडुलिंबाचा पाचोळा आणि आंबट ताकाचा हबका. काही आठवड्यांत त्याचं काळंभोर खत व्हायचं आणि पुन्हा बादल्यांत जायचं. आमच्या घरची ओली बादली घंटागाडीनं कधी पाहिलीच नाही.

मी अकलूजची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. नवी नवरी असताना बादल्यांना पाइप लावून भरभरून पाणी घातलं, तर आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अगं ए अकलूजकरीण, ऊस लावलाय व्हय हितं? बुडवून मारशील की माज्या लेकरास्नी."

मग त्यांनी मला बादली वाजवायला शिकवलं. बोट वाकवायचं आणि पेरानं बादलीच्या पोटावर दोनदा मारायचं. टक टक.

"पोकळ वाजली की समजायचं, तिला अजून पायजे. भरीव वाजली की तिचं झालंय. मग थेंब बी द्यायचा न्हाय."

रोज दुपारच्या चहाआधी त्या सगळ्या बादल्या अशा वाजवत फिरायच्या. मी खाली शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसलेली असायचे. मागांच्या खटखटीतूनही ती टक टक मला वेगळी ऐकू यायची. आता चहा टाकायचा, हे मी त्यावरून ओळखायचे.

२

आत्या भाजी नखानं खुडायच्या. उजव्या अंगठ्याचं नख जन्मभराच्या खुडणीनं हिरवट काळं पडलेलं, मधोमध चिरलेलं. मी आपली शिलाईची कातर घेऊन वर जायचे, ते त्यांना बघवायचं नाही. "कातर बघून झाड घाबरतंय," म्हणायच्या आणि माझ्या हातातून परात काढून घ्यायच्या. त्यांच्या खुडलेल्या देठाचा शेंडा तिरका असायचा, नखाची बारीक चंद्रकोर उमटलेला. माझ्या कातरीचा सरळ. परातीत बघून कोणाचं कुठलं ते सांगता यायचं.

एक भाजी मात्र त्यांना गच्चीत कधीच साधली नाही. करडई. कोवळ्या करडईच्या भाजीसाठी त्या जीव टाकायच्या. दर थंडीत बी पेरायच्या आणि दर थंडीत ते कुजायचं. "तिला रानच लागतंय," असं म्हणायच्या. मला त्याचं काही दुःख नव्हतं. करडई मला कडवट लागते, मी तोंडात धरत नाही.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. आत्यांना पोटभर जेवताना मी कधी पाहिलं नाही. आधी मामा, मग माझे यजमान सिद्धराम, मग आमची लेक, मग मी. गणवेशांची घाई असली की माझं ताट झाकून ठेवायच्या, अर्धी भाकरी आणि भाजी, वर दुसरं ताट पालथं घालून. मशीनपाशी येऊन विचारायच्या, "तुजं झालं का गं?" मी उलट विचारलं तर ठरलेलं उत्तर, "माजं झालंय." तेव्हा त्या तवलीच्या तळाशी भाकरीचा तुकडा फिरवत असायच्या. आम्ही सगळे ते बघायचो आणि त्यांचं झालंय असं मानायचो.

मागच्या वर्षी भादव्यात त्या गेल्या. सकाळी ड्रम ढवळून खाली आल्या, चहा मागितला आणि चहा होईपर्यंत संपल्या. उपाशीपोटीच.

त्यानंतर मामांचं जेवण तुटलं. मामा म्हणजे मायाप्पा, एकेकाळी शंभर मेंढरांमागं रान तुडवणारा गडी. पहिल्यापासून जेवायला सावकाश आणि खोडकर, भाकरीचा काठ बाजूला काढून ठेवणार, भाजीत मिरची दिसली की भुवई चढवणार. आता ते घासच घेईनात. डॉक्टरांनी सिद्धरामना बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मामांना ते दारातून ऐकू गेलं.

"नळी नगं," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. चपला पायांना मोठ्या झाल्या होत्या.

३

वर्ष झालं आणि पितृपंधरवड्यात आत्यांचा पहिला म्हाळ आला. मी त्यांच्या आवडीचं सगळं केलं. भरड्याचे वडे, कढी, अळू, गवार, तांदळाची खीर. केळीच्या पानावर वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

कावळे होते. समोरच्या तारेवर ओळीनं बसले होते. एकही खाली येईना. सिद्धरामनी हात जोडले, मामांचं नीट करू म्हणाले, लेकीचं शिक्षण करू म्हणाले. कावळे मान वाकडी करून पानाकडं बघायचे आणि तिथंच बसायचे. ऊन चढलं. मामांना गोळी घ्यायची होती, रिकाम्या पोटी देता येत नव्हती. शेवटी सिद्धराम म्हणाले, "बसूया आता, कावळा नंतर शिवंल." आणि आम्ही जेवून घेतलं. म्हणजे त्या दिवशीही आत्यांच्या आधी आम्हीच जेवलो.

दुपारपर्यंत पान तसंच. खिरीवर साय धरली होती. सिद्धराम कामावर गेले. असं न शिवलेलं पान गाईला घालतात, पण आमच्या गल्लीतली गाय कधीच दिसेनाशी झालीय. कचऱ्यात टाकायला हात धजेना. मग मी ते पानासकट ड्रममध्ये सोडलं, वर पाचोळा घातला, ताक शिंपडलं. घरातला कण वाया घालवायचा नाही हे त्यांनीच मला शिकवलेलं. आत्या खूश होतील, असंही मला वाटलं.

४

दिवाळीनंतर ते खत तयार झालं. आत्यांची सगळ्यात जुनी बादली होती, पिवळी, कडी तुटलेली. तिच्यात ते भरलं आणि मेथी पेरली.

मेथी आली नाही. आली ती करडई.

लांबट, दातेरी, गर्द पानं, बादलीच्या काठापर्यंत दाट. मी आधी हसलेच. ड्रममध्ये कुठून तरी बी गेलं असणार. शेजारच्यांचा पोपट आहे, त्याच्या दाण्यांत करडई असते. वाऱ्यानं उडालं असेल, पाखरानं आणलं असेल. कारणं हवी तेवढी होती. आत्यांना आयुष्यभर जमलं नाही ते मला न पेरता जमलं, याचा थोडा तोराही आला.

खुडायला झाली तशी मी कातर घेऊन वर गेले. बादली खुडलेली होती. एकेक शेंडा काढलेला, खाली जोडपानं राखलेली, पुन्हा फुटावं म्हणून. बादलीशेजारी माझीच परात आणि परातीत भाजी.

मी एक देठ उचलून बघितलं. शेंडा तिरका. त्यावर नखाची चंद्रकोर.

मामा असतील, म्हटलं. खाली येऊन विचारलं तर ते खाटेवर बसल्या बसल्या म्हणाले, "मला जिना चडवतोय व्हय गं?" खरंच होतं. मला त्यांना न्हाणीपर्यंत धरून न्यावं लागायचं.

५

फेकून देणं माझ्या हातून झालं नाही. भाजी केली. लसूण, हिरवी मिरची, थोडी मुगाची डाळ, आत्या करायच्या तशी. वासानं मामा आपण होऊन उठून बसले.

पहिला घास घेतला आणि थांबले. मग दुसरा. मग भाकरी संपवून हात पुढं केला. मी दुसरी भाकरी वाढली, तीही संपली.

"लई दिसानं गं," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "बनाच्या हातचं हाय हे."

मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडले. सिद्धरामनी संध्याकाळी ऐकलं तर तेही ओट्याला टेकून उभे राहिले. नळी टळली, आम्हाला एवढंच कळत होतं. भाजी कुणी खुडली हे विचारायची मला गरजच वाटली नाही, खरं म्हणजे मी ती वाटू दिली नाही.

मग ते रोजचंच झालं. करडई रोज फुटायची आणि मी वर जायच्या आत खुडून परातीत पडलेली असायची. मामा जेवायचे. जेवता जेवता जुनं बोलायचे. बारडी गावच्या रानात मेंढरं बसवलेली, आत्या डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावरून येताहेत, बांधावरची करडई ओटीत खुडून. इतकं गोड बोलायचे की मशीन थांबवून मी ऐकत बसायचे. आत्या तरुण असताना कशा दिसायच्या, हे मला त्या दिवसांत कळलं.

एक दुपार. मामा माझ्यासमोर खाटेवर, मी मशीनवर, घरात तिसरं कुणी नाही. वर गच्चीवर टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक, जरा पुढं. बादलीमागून बादली.

मागांचा हादरा असेल. पत्रा तापून वाजत असेल. मी मामांकडं बघितलं. ते छताकडं मान करून ऐकत होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"चा टाक की," ते म्हणाले.

मी उठले आणि टाकला.

६

शेजारच्या काशम्मा म्हणजे आत्यांची जिवाभावाची मैत्रीण. अक्कलकोटकडच्या, कानडी बोलणाऱ्या, मराठीत हेल काढून भांडणाऱ्या. करडई एवढी येत होती, म्हणून एकदा त्यांना जुडी घेऊन गेले.

"अगं अव्वा, करडई! बनाला कधी आली न्हाई ही. कसली माती घातलीस गं?"

मी सगळं सांगितलं, म्हाळाच्या पानासकट. बोलता बोलता त्यांचा पुढं आलेला हात मागं गेला आणि पदराखाली लपला.

"कावळा शिवला न्हवता?"

"नाही ना."

"आनि ते मातीत घालून परत घरात आनलंस."

"खत झालं त्याचं, काशम्मा. माती झाली."

जुडी माझ्या हातातच राहिली. उंबऱ्यापर्यंत मला सोडायला आल्या आणि हळूच विचारलं, "मायाप्पा जेवतोय ते जेवतोय. अंगाला लागतंय का त्याच्या?"

मला त्यांचा राग आला. चांगलं चाललेलं बघवत नाही काही माणसांना, असं पुटपुटत मी जिना चढले.

७

पण त्या दिवसापासून मी मामांना जेवताना नीट बघायला लागले.

ते सावकाश जेवत नव्हते. खाली मान घालून भराभर, कुणी उठवेल या भीतीनं जेवावं तसं. भाकरीचा काठ बाजूला काढत नव्हते. मिरचीही खात होते. शेवटी तवली ओढून घेऊन तिच्या तळाशी तुकडा फिरवत होते, गोल गोल. मी विचारलं, "मामा, अजून देऊ का?"

तवलीवरून नजर न काढता ते म्हणाले, "माजं झालंय."



त्यातच त्यांना ठसका लागला. मी धावले आणि पाठीवर थोपटायला गेले. हाडंच हाताला लागली. एवढ्या भाकऱ्या गेल्या होत्या, पण पाठ पहिल्यापेक्षा खोल गेलेली. आणि थोपटल्याचा आवाज आला तो पोकळ. माती सुकलेल्या बादलीचा असतो तसा. मी हात तसाच ठेवून बसले. काशम्मांचं खरं होतं. मामा जेवत होते आणि ते मामांच्या अंगाला लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वजन केलं, काट्याकडं बघितलं आणि पुन्हा केलं. नळीचा विषय निघालाच. येत्या सोमवारी दाखल करायचं ठरलं.

घरी आल्यावर मी सरळ गच्चीवर गेले. बादलीतली करडई उपटून टाकायची, एवढंच डोक्यात होतं. भर दुपार होती. दोरीवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या. त्यांच्या पलीकडं पिवळी बादली. चादरीमागून खुडण्याचा आवाज येत होता. कट, कट, बारीक आणि सवयीचा.

मी पुढं गेले नाही. चादरीच्या खालच्या काठाखाली एक हात दिसत होता, मनगटापासून पुढं. सुरकुतलेला, मातीनं माखलेला. अंगठ्याचं नख काळं, मधोमध चिरलेलं. तो एकेक शेंडा खुडून परातीत ठेवत होता. एकही पान तोंडाकडं जात नव्हतं. सगळं परातीत, आमच्यासाठी.

मला भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. त्या अजून वाढायचंच काम करत होत्या. आणि त्यांच्या वाट्याचा घास मिळायला मामांच्या तोंडाशिवाय दुसरी जागा आम्ही ठेवलीच नव्हती.

वाऱ्यानं चादर हलली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा परात भरलेली होती.

८

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, माग बंद होते. घर गप्प. सिद्धराम लेकीला घेऊन दवाखान्याच्या कागदपत्रांसाठी बाहेर गेलेले. मी करडई केली, गरम भाकऱ्या थापल्या. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, पण त्याचं भान नव्हतं.

मी दोन ताटं मांडली. मामांचा पाट घेतला आणि त्याच्या शेजारी आत्यांचा, त्या कधी बसल्याच नाहीत त्या जागी. मामांनी ताटाकडं हात नेला, तो मी धरला.

"थांबा मामा. आज आत्या आधी."

मग मोकळ्या पाटाकडं बघून बोलले. "आत्या, तुमचं झालेलं नाही. आम्हाला ठाऊक होतं, तुमचं कधीच झालेलं नव्हतं. आता बसा. पोटभर जेवा. सगळं झाल्याशिवाय उठायचं नाही."

आणि मी वळून भिंतीकडं तोंड करून बसले. बाई जेवताना तिच्या तोंडाकडं बघू नये, हे त्यांनीच शिकवलेलं.

मागे काही हललं नाही. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. सावकाश चावण्याचा. मामा कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते, बारडीचं रान, पाऊस, कोणती मेंढी व्याली. मध्ये एकदा हसले. मी एवढ्या वर्षांत त्यांचं तसलं हसू ऐकलं नव्हतं. भिंतीकडं बघत मी रडत होते आणि मागं वळायची हिंमत होत नव्हती.

बऱ्याच वेळानं मामांनी हाक मारली. "नंदा, मला वाढ की आता."

वळले. शेजारचा पाट रिकामा. मामांना अर्धी भाकरी वाढली. त्यांनी काठ बाजूला काढून ठेवला, मिरची दिसली तशी भुवई चढवली. सावकाश जेवले आणि ताट सारलं.

"बास. पोट भरलं."

हात धुवायला नेताना मी त्यांच्या पाठीवर हळूच थोपटून बघितलं. आवाज भरीव होता. त्यांना खाटेवर निजवलं, ते लगेच घोरायला लागले. आता सोमवारचं काय ते सोमवारी बघू, असं वाटून मी मोकळा श्वास घेतला.

ताटं उचलायला परत आले.

आत्यांच्या जागी ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं. मी घातलं नव्हतं. उचलून बघितलं. खाली अर्धी भाकरी आणि करडईची भाजी, एका बाजूला नीट सारून ठेवलेली. मला गणवेशांची घाई असली की ठेवायच्या, अगदी तशी.

करडई मी तोंडात धरत नाही. काशम्मांचा पदराखाली गेलेला हात मला आठवला. ताट तसंच ठेवून उठावं, दार ओढून घ्यावं, असं मी स्वतःला सांगत होते. आणि पुन्हा तशीच झाकून ठेवलेली भाकरी कुणी माझ्यासाठी ठेवेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी उभीच होते. माग बंद, गल्ली गप्प. तेवढ्यात माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, वाकवलेल्या बोटाचं पेर लागलं.

टक टक.

पोकळ वाजलं. मी पाटावर बसले आणि भाकरी मोडली.